वाऱ्याची बारा मिनिटं

२ फेब्रुवारी

अण्णा,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडण. विमानाच्या वेळांचा आणि भाड्याचा जो कागद मी पाठवला होता, त्यावर तुम्ही लाल पेन्सिलीने ‘नामंजूर’ लिहून तो परत धाडलात. अण्णा, तो विमान कंपनीचा कागद आहे, तुमच्या डेपोतला रजेचा अर्ज नाही! तीन दुपारी रांगेत उभं राहून मी तो मिळवला. खोलीतल्या पोरांना दाखवला, माझे वडील येणार म्हणून फुशारकी मारली. आणि तो सात दिवस प्रवास करून लाल होऊन परत आला. लहानपणी माझं प्रगतिपुस्तक लाल, आता विमानसुद्धा लाल.

काय तर म्हणे, जायला अकरा तास वीस मिनिटं आणि यायला चार तास पस्तीस. ‘रस्ता एक, गाडी एक, मग हा फरक कसला? कागद करणाऱ्याला गाडी चालवता येत नसणार.’ वा! अहो, सुटायची वेळ तुमच्या घड्याळाची असते आणि पोचायची माझ्या. इथे सूर्य चार तास आधी उगवतो. तुम्ही दहाचा चहा पिता तेव्हा माझ्याकडे दोन वाजलेले असतात. सकाळी आठ दहाला निघाल ते इथे संध्याकाळी साडेसातला उतराल, पण त्यातले चार तास नुसते घड्याळातले. मी आठवी नापास, मला कळलं. तुम्हाला एकतीस वर्षं बस चालवून कळू नये?

फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या कानात अजून इंजिन चालू असतं. मी घसा फोडतो आणि तुम्ही ‘बरं, ठेव’ म्हणता. म्हणून हे पत्र.

एप्रिल संपायच्या आत या. मेपासून माझं काम आजच्यासारखं राहणार नाही. काय काम, का राहणार नाही, ते विचारू नका. विमानांशी संबंध आहे एवढं सांगितलंय ना, तेवढं पुरे. आल्यावर डोळ्यांनीच बघा.

आता नमस्कार. ताईला म्हणावं, तुम्हाला समजाव.

तुमचा,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते मागायला लागू नयेत.

घड्याळाचं तू म्हणालास ते तिकीटवाल्याला जाऊन विचारलं. त्यानेही तेच सांगितलं, वर ‘आजोबा’ म्हणाला. मी आजोबा नाही, ताईला अजून मूल नाही आणि तू तर बोलायलाच नको. पण माणूस बरा आहे, स्टूल दिलं.

घरी येऊन गणित केलं. अकरा वीसमधून चार तास वजा, राहिले सात तास वीस. चार पस्तीसमध्ये चार मिळवले, झाले आठ तास पस्तीस. दोन्हीची बेरीज आधीही पंधरा पंचावन्न होती, आताही पंधरा पंचावन्न. म्हणजे तू घड्याळाचं बोललास ते खरं. पहिला ‘नामंजूर’ मागे घेतला.

आता दुसरा. सात वीस आणि आठ पस्तीस. सव्वा तास कुठे गेला? अंतर मी तिकीटवाल्याकडून लिहून आणलं, सहा हजार एकशे चाळीस किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. मध्ये थांबा नाही, फाटक नाही, गुरं आडवी येत नाहीत. तरी सव्वा तास! जी गाडी सव्वा तासाचा जाब देऊ शकत नाही, तिच्यात मी बसत नाही. मला डेपोत बारा मिनिटांसाठी उभं करायचे.

आणि एक. विमान सात तासांत पोचतं तर पत्राला सात दिवस का लागतात? उरलेले दिवस ते कुठे टेकतं?

मेपासून काम राहणार नाही, याचा अर्थ काय? मारामारी केलीस का? की लग्न ठरवून बसलास? काहीही असलं तरी स्पष्ट लिही. ‘विमानांशी संबंध’ हे काही कामाचं नाव नाही. कबुतरांचाही विमानांशी संबंध असतो.

अण्णा

(अण्णा चपला घालताहेत तेवढ्यात कडेला लिहितेय. त्यांचं ऐकू नकोस. सव्वा तास वगैरे सगळे बहाणे आहेत. खरी गोष्ट ही की त्यांना दुसऱ्याच्या गाडीत मागे बसवत नाही. परवा डॉक्टरकडे रिक्षाने गेलो तर सारा रस्ता उजव्या पायाने जमीन दाबत होते. रिक्षावाला म्हणाला, ‘काका, माझ्या रिक्षाला भोक पाडाल.’ विमानात ब्रेक कुठे दाबायचा याची त्यांना काळजी आहे. आणि खाटेखालची बॅग जानेवारीपासून भरलेली आहे, हे मी सांगितलंय असं म्हणू नकोस. ताई)


१९ फेब्रुवारी

अण्णा,

मारामारी नाही, लग्न नाही, कबुतरही नाही. तुमचा सव्वा तास मात्र सापडला.

झालं असं, काल दुपारी माझ्या मागे एक वैमानिक उभा होता. चांगला पिकल्या मिशांचा, टोपी काखेत धरलेली. मी मान न वळवताच विचारलं, ‘साहेब, आमच्या अण्णांचा एक सवाल आहे. यायला सात वीस आणि जायला आठ पस्तीस, मधला सव्वा तास कुठे जातो?’ तो इतका हसला की बाजूची सगळी माणसं बघायला लागली. म्हणाला, ‘बावीस वर्षं विमान चालवतोय, प्रवासी मला फक्त जेवण कधी ते विचारतात. तुझे वडील काय करतात?’ मी म्हटलं, बस चालवायचे. म्हणाला, ‘मग त्यांना सांग, वारा.’

तर ऐका. वर, ढगांच्याही वर, एक वारा वाहतो. नदीसारखा, मावळतीकडून उगवतीकडे, आणि हिवाळ्यात फार जोरात. तुम्ही इकडे येताना तो विमानाच्या पाठीवर असतो, ढकलत आणतो. परत जाताना तोच तोंडावर येतो. इंजिन तेच, अंतर तेच, चालवणाराही तोच. साहेब म्हणाला, सात वीस आणि आठ पस्तीस हेही कंपनीने अंदाजाने छापलेत, वारा कागद वाचत नाही. कधी साहेब दहा मिनिटं आधी उतरतो, कधी अर्धा तास उशिरा, आणि उशीर झाला की लोक त्याच्याकडे असं बघतात जणू तोच मध्ये कुठे चहाला थांबला होता.

आता बोला! आता तरी मंजूर?

ताईला सांगा, येताना तुमच्याबरोबर माझे जुने काळे बूट द्यायचे. इथे घेतलेल्या जोडाची उजवी टाच दोन महिन्यांत झिजून तिरकी झाली. डावी अजून दुकानातून आणल्यासारखी. दुकानदाराशी भांडलो तर म्हणतो, तू लंगडतोस का? मी त्याला चालून दाखवलं, तरी बदलून देत नाही.

पत्र कुठे टेकतं ते मला माहीत नाही. त्याला विचारायला वैमानिक नाही.

तुमचा,
भिंगरी


२८ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, मग ताईकडून एकदा मोठ्याने वाचून घेतलं. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.

तुला डेपोतला आपला टाइमकीपर आठवतो का? तो चष्मा कपाळावर ठेवून माणसाकडे बघायचा तो. माझी सकाळची फेरी, शहाऐंशी किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं. संध्याकाळची परतीची फेरी, तेच शहाऐंशी किलोमीटर, दोन तास बावीस. रोज. एकतीस वर्षं. तो वहीत लिहायचा, ‘गाडी बारा मिनिटं उशिरा. कारण: ड्रायव्हर चहाला थांबला.’ मी म्हणायचो, साहेब, मी कुठेही थांबत नाही. तो म्हणायचा, ‘रस्ता एक, गाडी एक, मग बारा मिनिटं गेली कुठे?’ दोनदा माझी बढती त्या बारा मिनिटांनी खाल्ली.

बघितलंस, मी तुला जो प्रश्न घातला तो माझा नव्हेच. त्याचाच होता, माझ्या तोंडात बसला होता.

आणि आता मला स्वच्छ दिसतंय. सरोवराच्या कडेचा तो वीस किलोमीटरचा उघडा रस्ता. झाड नाही, घर नाही. सकाळी वारा पाठीवर, संध्याकाळी तोच तोंडावर. त्यात परतताना बाजारची गर्दी, टपावर गाद्यांच्या वळकट्या, कोंबड्यांच्या टोपल्या, एकदा तर अख्खं कपाट. गाडी कशी रेटायची! तिसरा गिअर टाकावा लागायचा. मला वाटायचं इंजिन थकलं, मीच थकलो. वारा म्हणून कधी सुचलं नाही. रोज तोंडावर येत होता तरी सुचलं नाही.

काल टाइमकीपरच्या घरी जाऊन आलो. तो आता काठी टेकत चालतो. तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, आणि म्हणाला, ‘विमानालासुद्धा?’ मी म्हटलं, ‘विमानालासुद्धा. सव्वा तास.’ मग आतून चहा मागवला आणि म्हणाला, ‘हा घे. हा तू खरंच पितोयस.’ हसून हसून त्याला ठसका लागला.

त्या वैमानिकाला माझा नमस्कार सांग. माझी बारा मिनिटं मला परत मिळाली.

आता तुझ्याकडे वळतो. वैमानिक तुझ्या पाठीमागे उभा होता आणि तू मान न वळवता त्याच्याशी बोललास, असं लिहितोस. मागच्या माणसाशी मान न वळवता बोलायची सवय एकाच धंद्यात लागते. दुसरं, उजवी टाच. माझ्या बुटांची एकतीस वर्षं उजवी टाच आधी जायची, बाहेरच्या बाजूने, तिरकी. पाय टाचेवर टेकून पंजा दाबायचा, उचलायचा, पुन्हा दाबायचा. चांभार माझा बूट न सांगता ओळखायचा. पण माझी डावीही झिजायची, मागोमाग. तुझी डावी कोरी आहे.

भिंगरी, तुझ्या गाडीला क्लच नाही ना?

अण्णा


८ मार्च

अण्णा,

नाही. क्लच नाही.

पत्र वाचून मी खाटेवरून असा उठलो की डोकं वरच्या खाटेला आपटलं. वरचा पोरगा ओरडला, ‘काय झालं?’ मी म्हटलं, पकडलो गेलो. तो म्हणाला, ‘पोलिसांनी?’ मी म्हटलं, नाही, चांभाराने.

आता सांगतोच. मी बस चालवतो. हसा. सहा वर्षांपूर्वी दारात उभं राहून मी तुम्हाला काय काय बोललो होतो! ‘तुमच्यासारखं जन्मभर एकाच रस्त्यावर खालीवर करणार नाही, स्टीअरिंगला हात लावणार नाही, मी जग बघणार.’ जग बघायला निघालो आणि नऊशे मीटरच्या रस्त्यावर येऊन बसलो. विमान लांब मैदानात उभं राहतं. तिथून उतरलेली माणसं बसमध्ये भरायची आणि इमारतीच्या दारात सोडायची. पुन्हा तिथून भरायची, विमानाशी सोडायची. नऊशे मीटर. दिवसाला चव्वेचाळीस फेऱ्या. म्हणजे जेमतेम चाळीस किलोमीटर, आणि तेही कुठेच न पोचता. तुमचे दिवसाला एकशे बहात्तर होते आणि निदान दोन गावं तरी होती.

सांगायची लाज वाटत होती. बस चालवायची नव्हे, खरं सांगतो. बस चालवणं मला आवडतं, याची.

गाडी बघाल तर खूश व्हाल. जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, दोन्ही अंगांना दारं, गिअर आपोआप पडतात. बसायच्या जागा मोजून दहा, बाकी सगळे उभे. पंचवीसच्या वर काटा न्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी ब्रेक मारला आणि साठ माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. मग आठवलं, तुम्ही टोपल्यांमधल्या कोंबड्या न ओरडता गाडी कशी उभी करायचात ते. लहानपणी तुमच्या मागच्या दांड्याला लटकून बघायचो ना. थांबायच्या आधीच थांबायला लागायचं, आणि शेवटी पाय किंचित सोडायचा. तसं केलं. आता आमचा मुकादम नव्या पोरांना माझ्या गाडीत उभं करतो आणि म्हणतो, ‘हा कसा थांबवतो ते पायांनी ऐका.’ मी त्याला सांगितलं नाही की हे माझं नाही, हे कोंबड्यांच्या गाडीचं आहे.

आणि आता एप्रिलचं. इथे नवी इमारत बांधताहेत. तिच्यातून नळीसारखे पूल निघणार आणि थेट विमानाच्या दाराला चिकटणार. माणसं पुलावरून चालत येतील, बस लागणारच नाही. एक मेपासून आमच्या गाड्या बंद. नोकरी जाणार नाही, मला सामानाची गाडी ओढायला देणार आहेत. पण पेट्यांना ब्रेक कसा मारला ते काय कळणार?

म्हणून म्हणतो, त्याच्या आत या. माझ्या बसमध्ये बसवायचंय तुम्हाला. एकदाच. नऊशे मीटर. तिकीट नको, काही नको. त्या वेळचं मी विसरलो असं समजू नका. दहा वर्षांचा असताना, बापाची बस म्हणून तिकीट न काढता चढलो होतो आणि तुम्ही वीटभट्टीच्या थांब्यावर मला खाली उतरवलंत. सगळ्या बससमोर. घर चार किलोमीटर होतं. मी चालत गेलो. चौदा वर्षं झाली, अजून मला ती धूळ आठवते. पण मी तुम्हाला उतरवणार नाही.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. ड्रायव्हरला देतात तसे.

बस चालवतोस हे तू लपवलंस, म्हणून रागवावं की काय ते कळेना. मी ताईला म्हटलं, मला राग आलाय. ती म्हणाली, ‘मग शीळ का घालताय?’

वीटभट्टीचं. त्या दिवशी पुढच्या बाकावर तपासनीस बसला होता. साध्या कपड्यात, पण मी त्याला ओळखत होतो. तुला तसंच नेलं असतं तर कंडक्टरची नोकरी गेली असती, आणि त्याला तीन मुली. थांबून हे तुला समजावून सांगायला वेळ नव्हता. नंतर सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तू तोंड फिरवून जेवायला बसलास आणि मला वाटलं, विसरेल.

त्याच परतीच्या फेरीला माझी गाडी बारा मिनिटं नव्हे, एकतीस मिनिटं उशिरा पोचली. टाइमकीपरने लिहिलं, ‘चहा. दोनदा.’ परवा त्याच्याकडे त्याही दिवसाचा विषय काढला. म्हटलं, त्यातली बारा वाऱ्याची, मान्य? म्हणाला, मान्य. मग उरलेली एकोणीस? तेव्हा मी त्याला पहिल्यांदा सांगितलं, आता तुला सांगतो. तू उतरून पुढे निघून गेल्यावर मला सुचलं, तिकीट काढून तुला परत चढवावं. वीटभट्टीपासून घरापर्यंत मी गाडी पहिल्या गिअरवर नेली, डोकं खिडकीबाहेर काढून, रस्त्याच्या दोन्ही कडा बघत. लोक मागून ओरडत होते. तू कालव्याच्या बाजूने गेला असशील, मला दिसला नाहीस. तुझ्या तिकिटाचे पैसे मी हातात धरलेले होते.

यायचं ठरवलंय. पण दोन अडचणी आहेत, त्या तू सोडव. एक, सात तास वीस मिनिटं दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची आणि आपण मागे बसायचं, हे मला जमेल असं वाटत नाही. दुसरी, मी तिकिटाशिवाय कुणाच्याही बसमध्ये चढत नाही. तुझ्याही नाही. नियम म्हणजे नियम.

अण्णा

(बॅग आता खाटेखालून दाराशी आली आहे. तुझे काळे बूट मी घातले होते त्यात, अण्णांनी बाहेर काढून उजव्या टाचेला लोखंडी नाल मारून आणली आणि परत ठेवले. विचारलं तर म्हणे, ‘मेपर्यंत टिकायला हवी.’ ताई)


२५ मार्च

अण्णा,

एकोणीस मिनिटं मिळाली. मी कालव्यानेच गेलो होतो. मुद्दाम. तुमची बस मागून येताना दिसली तसा बांधाआड खाली बसलो. इतकी हळू का चाललीय असं वाटलं होतं, पण मी तेव्हा फार रागात होतो. म्हणजे एकोणीसांतली निम्मी माझ्याच नावावर मांडा, आणि टाइमकीपरला सांगा, दोन्ही चहा रद्द.

आता तुमच्या अडचणी.

पहिली. पिकल्या मिशांच्या साहेबाला विचारलं. म्हणाला, अठरा एप्रिलला तिकडून इकडे विमान तोच आणणार आहे. तुम्हाला चौथ्या रांगेतली खिडकीची जागा घ्यायला सांगितलीय. म्हणाला, ‘वडिलांना सांग, पायाखाली पक्की जमीन आहे, हवा तेवढा ब्रेक दाबू दे. आणि उतरताना मी गाडी कशी टेकवली त्याचे गुण त्यांनी द्यायचे.’ तो थोडा घाबरलाय असं मला वाटतं. वारा पाठीवर असेल, लवकर याल.

दुसरी. आमच्या बसला वेगळं तिकीट नसतं, कारण विमानाच्या तिकिटातच ते धरलेलं असतं. मुकादमाला दोनदा विचारून खात्री केली. म्हणजे तुमचं तिकीट सहा हजार एकशे चाळीस किलोमीटर आणि वर नऊशे मीटरचं आहे. कागदावर हे नऊशे मीटर छापलेले नाहीत, तुम्ही लाल पेन्सिलीने घाला. चढताना मला कागद दाखवा. मी बघीन. नियम म्हणजे नियम.

त्या संध्याकाळी साडेसातच्या विमानाला माझीच गाडी लावून घेतलीय, त्यासाठी एकाच्या दोन रविवारच्या पाळ्या अंगावर घेतल्या. तुम्ही बसायचं नाही. माझ्या पाठीमागच्या दांड्याला धरून उभे राहा, म्हणजे आरशात दिसाल. इमारतीच्या दाराशी एक उतार आहे, तिथे नवी पोरं हमखास धक्का देतात. तिथे तुमचा पाय आपोआप खाली जाईलच. जाऊ द्या. आपण दोघं मिळून दाबू.

पैसे तिकीटवाल्याकडे पाठवतोय, तिकीट त्याच्याकडूनच काढा, त्याने स्टूल दिलंय. जायचं-यायचं मिळून बेचाळीस हजार सहाशे. त्यावर दोन जास्त आहेत, ते तिकीटवाल्याचे नाहीत, तुमचे. वीटभट्टीपासून घरापर्यंतचं अर्धं तिकीट तेव्हा दोनच होतं ना? आता तरी मला चढवून घ्या.

तुमचा,
भिंगरी

एकूण पाठवले: बेचाळीस हजार सहाशे दोन.